केंडर खेळवायचा कसा? चोर न करता

सातरस्ता_डीएम
सोलापुरात मराठीतून डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी आणि खेळवणाऱ्यांसाठी (म्हणजे डीएमसाठी) हा धागा. विषय एकच, केंडर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४ मध्ये आलेल्या ड्रॅगनलान्स या खेळ-कादंबऱ्यांच्या मालिकेतल्या क्रिन नावाच्या जगातली ही बुटकी भटकी जमात. उंची साडेतीन फुटांच्या आसपास, डोक्यावर उंच बांधलेला केसांचा झुबका, अंगभर पिशव्या, नकाशांच्या नळ्या, हातात हूपाक नावाची काठीगोफण. भीती ठाऊक नाही. वयात आले की पायाला भिंगरी लागते आणि वर्षानुवर्षं फिरत राहतात. कुणाचीही वस्तू कुतूहलानं हातात घेतात, उलटसुलट बघतात आणि ती नकळत त्यांच्या पिशवीत जाते. त्यांच्या लेखी ही चोरी नव्हे.

अडचण टेबलावर येते. नवा खेळाडू केंडर घेतो आणि दहाव्या मिनिटाला सोबत्यांच्या थैल्या रिकाम्या. विचारलं की "माझं पात्र असंच वागणार" हे उत्तर ठरलेलं. म्हणून बरेच डीएम केंडरवर बंदीच घालतात. मला ती बंदी नको आहे. या लोकांच्या समजुती आणि रीती नीट समजल्या तर हेच पात्र सगळ्यांचं लाडकं होईल असं वाटतं. तर दोन प्रश्न : त्यांच्या समजुती खेळात उतरवायच्या कशा? आणि नकळत वस्तू घेण्याच्या या सवयीला इंग्रजीत 'हँडलिंग' म्हणतात, तिला मराठी शब्द कोणता?

भुईकोट
सुरुवात उत्पत्तीच्या कथेपासून करा, कारण अर्ध्या गोष्टी तिथंच सुटतात. क्रिनमधल्या कथेप्रमाणे रिऑर्क्स या देवानं घडवलेल्या नोम लोकांना ग्रेजेम नावाच्या रत्नानं बदलून टाकलं. ज्यांना रत्नाची हाव सुटली ते ड्वार्फ झाले, ज्यांना नुसतं कुतूहल वाटलं ते केंडर झाले. म्हणजे हाव आणि कुतूहल यांची फारकत तिथंच झाली. हाव ड्वार्फांच्या वाट्याला गेली, केंडरच्या वाट्याला ती आलीच नाही.

याची परीक्षा टेबलावर घेता येते. पात्रासमोर दोन वस्तू ठेवा, एक सोन्याची मोहर आणि एक हिरव्या चकचकीत पंखांचा मेलेला भुंगा. केंडर भुंगा उचलतो. खेळाडू दरवेळी मोहरच उचलत असेल तर त्याला शांतपणे सांगायचं की तुला चोराचं पात्र हवंय, ते घे, केंडरचं नाव नको.

मरणाबद्दलही त्यांची समजूत स्पष्ट आहे : न पाहिलेला शेवटचा मुलूख. पण म्हणून सोबती गेला की ते हसत बसतात असं नाही. केंडरचं दुःख फार खोल असतं. दुःख होणं वेगळं, भिणं वेगळं.

गड्डा_मैदान
शब्द आपल्याकडे तयार आहे : हातउसनं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसं. कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही.

कुमठेनाका
@गड्डा_मैदान, नाही पटलं. हातउसन्यात मागून घेतात आणि परत करायचं लक्षात ठेवतात. वाटी भरून आणली की वाटी भरूनच परत जाते. केंडर मागत नाही आणि लक्षातही ठेवत नाही. 'हाताळणी' घ्या. सरळ आहे आणि हाताळता हाताळता हातात राहिली हा अर्थही येतो.

फासा_वीस
'उचल' कसा वाटतो? छोटा, ठसकेबाज.

तारेपलीकडे
'उचल' कृपा करून नको. ऊसतोडीची उचल वेगळी, पण 'उचले' हे नाव एका अख्ख्या जमातीला चिकटवलेलं आहे. 'भामटा' हेही मुळात जमातीचं नाव, आपण त्याची शिवी करून टाकली.

सोलापूरकरांनी तरी हे बोलताना सावध असावं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसानं काय केलं ते पाहायचं नाही, तो कुणाच्या पोटी जन्मला ते पाहायचं. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. आपल्या शहरात सेटलमेंट उभी राहिली, भोवती तारेचं कुंपण, आतल्यांना हजेरी, बाहेर पडायला पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती स्वतःला विमुक्त म्हणवतात. शहरातला तो भाग आजही सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो.

'ही अख्खी जमात जन्मतःच हात मारणारी' असं एखाद्या भटक्या लोकांबद्दल खेळात लिहायचं म्हणजे तेच वाक्य पुन्हा लिहायचं. केंडर जरूर खेळा, फक्त हे वाक्य वगळून खेळा.

फासा_वीस
शब्द मागे घेतो, हे डोक्यात आलं नव्हतं. पण तुलना थोडी ताणलेली वाटते. क्रिनमध्ये केंडरला कुठंही दुष्ट म्हटलेलं नाही. उलट लहान मुलासारखं निरागस म्हटलंय.

तारेपलीकडे
@फासा_वीस, निरागस म्हटलं तरी 'जन्मतः' जागचं हलत नाही. एखाद्या मोठ्या माणसाला मूल ठरवलं की त्याचं ऐकायची गरज उरत नाही. म्हणून गुण रक्तातून आला असं न सांगता तो शिकवला कसा जातो ते दाखवा. घराच्या दाराला कुलूप नसतं. पोरानं विचारलं "हे कुणाचं?" तर मोठी माणसं उत्तर देतात "आत्ता कुणाच्या हातात आहे?". गाव सोडून निघणाऱ्या तरुणाला प्रत्येक घरातून एक वस्तू मिळते आणि त्यातली एकही परत आणायची नसते. अशी दोन-तीन दृश्यं पहिल्या अर्ध्या तासात दाखवली की खेळाडूला वागायची रीत सापडते. हे क्रिनच्या मूळ मजकुरातलं नाही, टेबलासाठी सुचवतोय.

नवीपेठ_वाचक
+१. कुलपाचा मुद्दा छान. केंडर कुलपं उघडण्यात पटाईत का, तर त्याच्यासाठी कुलूप हे कोडं आहे.

वर्गमूळ
समजुतींवर एवढं झालं, पण या लोकांचं अंग कुणी मोजलं नाही. मोजा, त्यातून रीती आपोआप निघतात.

साडेतीन फूट म्हणजे १०७ सेंटिमीटर. साडेपाच फुटी माणसाच्या ०.६४ पट. चालताना पाय लोलकासारखा झुलतो, त्यामुळे सहज चालीचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ०.६४ चं वर्गमूळ ०.८. माणूस ताशी ५ किलोमीटर चालला तर केंडर ४. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर धरा. कोजागिरीला चालत जाणारा माणूस न थांबता ९ तासांत पोचेल, केंडरला सव्वाअकरा लागतील. खेळाच्या २०१४ च्या नियमांत माणसाचा वेग एका पाळीत ३० फूट आणि हाफलिंग या दुसऱ्या बुटक्या जमातीचा २५, म्हणजे ०.८३. हिशोबाच्या अगदी जवळ. २०२२ च्या नियमांत केंडरला मात्र सरळ ३० दिलाय.

आता ओझं. ताकद स्नायूच्या जाडीवर, म्हणजे उंचीच्या वर्गावर जाते : ०.४. माणूस दिवसभर १२ किलो पाठीवर वागवत असेल तर केंडर जेमतेम ५. वजन घनावर जातं : ०.२६, म्हणजे ६० किलोच्या माणसासमोर पंधरा-सोळा किलोचा जीव. खाणं मात्र त्या प्रमाणात घटत नाही. लहान अंगाला दर किलोमागे जास्त लागतं, म्हणून माणसाच्या साधारण ०.३६ पट. आणि लहान अंग लवकर गार पडतं, कारण वजनाच्या मानानं कातडी जास्त. रात्री उघड्यावर झोपणाऱ्या केंडरला पांघरूण हवंच हवं.

हे ५ किलो लक्षात ठेवा. सगळं त्यात बसवायचंय.

कडकभाकरी
@वर्गमूळ यांच्या ५ किलोंत शिदोरी मी भरते.

माणसाचे २२०० कॅलरी धरले तर केंडरला ८०० च्या आसपास लागतील. कडक भाकरी दिवसाला १५० ग्रॅम, शेंगाचटणी ५० ग्रॅम. भाकरीचे सव्वापाचशे, चटणीचे पावणेतीनशे, झालं. दहा दिवसांची शिदोरी २ किलो. पाव नि सुकं मांस लिहिण्यापेक्षा हे लिहा, सोलापूरच्या टेबलावर सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटेल.

भाकरी टिकणारी करायची तर मालदांडीचं ताजं दळण घ्यायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडा फाटतात. पीठ कढत पाण्यात भिजवून चांगलं मळायचं आणि नेहमीच्या भाकरीपेक्षा खूप पातळ थापायची. कडा आणि मधला भाग सारखे पातळ हवेत. चूक इथंच होते. मध्ये जाड राहिली तर तिथला ओलावा जात नाही, वरून कडक दिसते आणि आठवड्यात मधोमध बुरशी धरते. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजली की लगेच रचून ठेवायची नाही. चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. बोटानं टिचकी मारली तर पापडासारखा कोरडा आवाज आला पाहिजे. मऊ आवाज आला तर पुन्हा विस्तवाजवळ. पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधायची, नाहीतर वाफ आत धरते.

चटणी उखळात कुटलेलीच. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सर सलग फिरवला तर एक तर भुगा होतो नाहीतर लगदा.

सातरस्ता_डीएम
कडकभाकरीताई, टिचकीचा आवाज थेट खेळात घेतोय. केंडर मुक्कामाला बसला की आधी भाकरीला टिचकी मारणार.

वर्गमूळ
हिशोब पूर्ण करतो. ५ किलोंतले २ शिदोरीला गेले. पांघरूण १ किलो, आणि ते अर्ध्या सोलापुरी चादरीएवढंच धरलंय. पाणी १ लिटर, म्हणजे आणखी १ किलो, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढं पुरणारही नाही. पिशव्यांना उरला १ किलो.

एका किलोत किती हौस मावणार? म्हणून नवीन वस्तू आत आली की जुनी बाहेर गेलीच पाहिजे.

तारेपलीकडे
@वर्गमूळ, हेच हवं होतं. पाठीवर संसार घेऊन चालणाऱ्याला साठवता येत नाही. साठवता येत नाही म्हणून 'माझं' फार काळ टिकत नाही. केंडरची सगळी समजूत या एका किलोत आली : वस्तूलाही पाय असतात, ती थोडे दिवस आपल्यासोबत चालते.

आणि मग कुमठेनाका यांच्या शब्दाला दुसरी बाजू मिळते. हाताळणी दोन्हीकडून. घेतली त्या जागी काहीतरी ठेवून जायचं. शिपायाच्या खिशातली शिट्टी गेली तर तिथं कवडी सापडली पाहिजे.

गोफण
हूपाकबद्दल कुणीच नाही बोललं? आपल्या भागातल्या लोकांना ते दोन मिनिटांत कळावं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकतात ना, ती गोफण काठीला बांधली की झालं हूपाक. काठीचं एक टोक बेचक्याचं, त्यात गोफण. दुसरं टोक टोकदार, लोखंडी शेंबी बसवलेलं. हवेत गरगर फिरवलं की घूं घूं आवाज करतं. अशी काठीगोफण खऱ्या जगातही होती. रोमन सैन्यात तिला फुस्टिबालुस म्हणत, काठी चार फुटांची.

केंडरच्या उंचीला काठी १२० सेंटिमीटर धरा, म्हणजे डोक्याच्या वर अर्ध्या वितीपेक्षा थोडी जास्त. गोफणीची एक दोरी काठीला पक्की बांधायची, दुसऱ्या दोरीला फास करून तो टोकावर नुसता अडकवायचा. दोन्ही हातांनी काठी खांद्यामागून डोक्यावरून पुढं हाणली की फास निसटतो आणि दगड सुटतो. सगळी गंमत त्या निसटण्यात आहे. फास लवकर सुटला तर दगड उंच जातो, उशिरा सुटला तर चार पावलांवर मातीत घुसतो. टोक पुढं वाकलेलं असेल किंवा साल खरबरीत असेल तर फास अडकतो. टोक घासून त्यावर मेणबत्ती फिरवायची. दगड सारख्या वजनाचे घ्या. ओढ्यातले गोल, ३०-४० ग्रॅमचे. वजन बदललं की नेम बदलतो.

खेळात फासा टाकून नेम चुकला तर डीएमनं नुसतं 'चुकला' म्हणू नये. फास अडकला की लवकर सुटला ते सांगावं.

आणि कुणी करून बघणार असेल तर दगडाऐवजी टेनिसचा चेंडू, आणि मोकळं रान. मागं कुणी उभं नको, मागच्या झोक्यात काठी लागते.

विजापूर_वेस
टोमणा राहिला. २०२२ च्या नियमांत केंडरला तीन गोष्टी आहेत : निर्भयपणा, एक जादा कौशल्य आणि डिवचणं. खिसे चाचपण्याचा वेगळा गुण त्यात नाहीच, हे वरच्या चर्चेसाठी महत्त्वाचं. डिवचायला जोडकृती (पाळीतली जादा छोटी कृती) लागते, समोरचा ६० फुटांच्या आत हवा. तो शहाणपणाचा फासा टाकून बचाव करताना चुकला तर केंडरची पुढची पाळी येईपर्यंत इतर कुणावरही वार करताना त्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो. म्हणजे डिवचणं हे सोबत्यांना वाचवण्याचं साधन आहे. खेळाडूला हे कळलं की तो दरबारात राजाला डिवचत बसत नाही.

बोलायचं काय? आईबहीण, जात, अंगातलं व्यंग, काही नको. केंडरनं समोरच्याकडं नीट बघितलंय हे त्यातून दिसलं पाहिजे. "काय बे, ढालीला कल्हई मागून का लावलीस? पळताना चमकावी म्हणून?" असं. आधी वस्तू, मग तिच्यावरून माणूस. आपल्याकडं मराठीत कानडी, तेलुगू, दखनी सगळं मिसळलेलं आहे. केंडरच्या तोंडी ती मिसळ द्या. चार मुलखांत फिरलेला माणूस एकाच भाषेत बोलणार नाही.

मंगळवार_बाजार
नकाशे टेबलावर खरे द्या. केंडरचे नकाशे कधी बरोबर नसतात, पण प्रत्येकावर कुणाची तरी आठवण असते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढा. जुना रंग यायला कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळून, गाळून, गार करून ब्रशनं फिरवा. शाईच्या प्रिंटरचा कागद असेल तर रेघा पसरतात, झेरॉक्स काढलेला पसरत नाही. आधी चहा, वाळल्यावर चित्र, हा क्रम सगळ्यात सुरक्षित.

भुईकोट
निर्भयपणावर एक भर. क्रिनच्या पुढच्या काळात मालिस्ट्रिक्स नावाच्या ड्रॅगननं केंडरमोर हे केंडरांचं शहर उद्ध्वस्त केलं. त्यातून वाचलेल्या केंडरांना भीती कळली, ते सावध झाले, गप्प झाले. तारेपलीकडे यांचा मुद्दा मूळ जगातच आहे बघा. ज्याला सगळे रक्तातला गुण म्हणत होते तो एका आघातानं गेला. दोन केंडर एकाच गटात द्या, एक भीती न कळणारा आणि एक कळलेला. दुसरा पहिल्याला काय सांगेल, यावर अख्खी संध्याकाळ जाते.

सातरस्ता_डीएम
सगळ्यांचे आभार. शब्द 'हाताळणी'. पिशवीची मर्यादा १ किलो, पण तराजू कशाला, वीस खणांची यादी करतोय. हाताळणी झाली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, ज्या खणाचा आकडा येईल ती वस्तू त्या जागी ठेवून जायची. काय जाणार हे खेळाडूच्या हातात नाही, त्यामुळे भुंगाही जाऊ शकतो आणि जीव लावलेला नकाशाही. सोबत्यांच्या वस्तूंना त्यांच्या परवानगीशिवाय हात नाही, आणि कुणी मागितली तर खोटं न बोलता लगेच द्यायची.

एक अडलंय. पहिलं दृश्य कुठं सुरू करावं?

कुमठेनाका
बाजारात. केंडर आणि बाजार, आणखी काय हवं.

तारेपलीकडे
बाजाराच्या आधी वेस. वेशीवर शिपाई आणि हजेरीची वही. भटक्यांनी नाव, जमात, कुठून आले ते सांगायचं, सूर्यास्ताला परत येऊन अंगठा द्यायचा. बाकीच्या पात्रांना विचारणा नाही, ते सरळ आत. केंडरला ती वही फार आवडेल, केवढी नावं आहेत तिच्यात. तो ती हाताळणारच. आणि तेव्हा सोबत्यांना ठरवावं लागेल की वही परत करायला लावायची की नाही.

सातरस्ता_डीएम
वही खरीच करतो. लांब चोपडी, लाल कापडात बांधलेली, आत चाळीस-पन्नास नावं. पहिली पाच पानं चहात रंगवून वाळत घातली.

गोफण
आणि तिच्या जागी काय ठेवणार, त्याचा फासा सगळ्यांसमोर टाका.